बाईंचा सत्कार कुठे करायचा?

कार्यवाह यांचं पत्र

सप्रेम नमस्कार मंडळी,
परळच्या रात्रशाळेतल्या बाई या वर्षअखेर शिकवणं थांबवताहेत. दिवसशाळेतून निवृत्त झाल्यावरही त्या रात्रीचा वर्ग बिनपगारी घेत होत्या. आपल्यातले कितीतरी जण त्यांच्या हाताखाली दहावी होऊनच पुढे परदेशी आलो. जानेवारीत बरेच जण मुंबईत असतील, तेव्हा दादरला सभागृह घेऊन शाल, श्रीफळ, मानपत्र असा रीतसर कार्यक्रम करावा, असं कार्यकारिणीला वाटतं. मानपत्र काकांनी लिहावं, ही विनंती.

काकांचं उत्तर, मुंबईहून

मानपत्र आनंदानं लिहितो. पण कार्यक्रम सभागृहात नको, रात्रशाळेतच ठेव. संध्याकाळी साडेसहाला, शाळा भरते त्याच वेळी. सभागृहात बाईंची आजची मुलं येऊच शकणार नाहीत. कुणी कॅन्टीनमध्ये, कुणी कुरिअरला. त्यांना सवलत मिळते ती शाळेपुरती, आणि तीही बाईंनी मालकांशी बोलून मिळवलेली.

‘ज्ञानदानाचं व्रत’ वगैरे मी लिहिणार नाही. बाईंनी काय केलं तेच लिहीन. गिरणगावात रात्रीच्या वर्गांची परंपरा जुनी. ना. म. जोशींनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली, कामगारांसाठी रात्रीचे वर्ग आणि वाचनालयं चालवली. त्या काळी बाकांवर कोकणातून आलेली माणसं असायची. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि आमच्या बाकांवर उत्तर प्रदेश, बिहार, कर्नाटकातून आलेली पोरं दिसू लागली. शिक्षकांच्या खोलीत कुणी त्यांना ‘बाहेरचे’ म्हटलं की बाई तिथल्या तिथे थांबवायच्या.

सगळ्यात मोठी अडचण दाखल्याची. पोरगा मुंबईला येतो, शाळा सोडल्याचा दाखला गावीच राहतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही, पण तो कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी. आमच्याकडची बहुतेक मुलं त्यापुढची. बाई गावच्या मुख्याध्यापकांना हिंदीत पोस्टकार्ड लिहायच्या, उत्तर नाही आलं तर दुसरं. जौनपूरच्या एका मुलाचा दाखला आला, तर त्यावरची जन्मतारीख आधार कार्डाशी जुळेना. दहावीच्या फॉर्मची मुदत संपत आलेली. बाई स्वतः त्याच्याबरोबर प्रतिज्ञापत्राच्या रांगेत उभ्या राहिल्या. तो पास झाला, आज इलेक्ट्रिशियन आहे.

आणि एक. दिवसभर राबून आलेला एखादा मुलगा बाकावर डोकं टेकून झोपला, तर बाई त्याला उठवत नसत. त्याची वही हाताखालून अलगद काढून घ्यायच्या आणि फळ्यावरचं गणित स्वतःच्या अक्षरात उतरवून ठेवायच्या. हे मानपत्रात येणारच.

एका माजी विद्यार्थ्याचं उत्तर, मेलबर्नहून

काका, नमस्कार. कार्यक्रम शाळेत, हे अगदी मान्य. शाल मात्र राहू द्या. एवढी वर्षं झाली, बाईंच्या खांद्यावर कुणी शाल घातलेली मी पाहिली नाही. त्यांना आवडेल.

सभागृहाचे वाचलेले पैसे मुलांच्या बोर्डाच्या परीक्षा शुल्काला आणि रोजच्या खाण्याला लावावेत. कामावरून थेट आलेल्या पोराचं पोटात काही नसताना गणितात लक्ष लागत नाही. आम्ही मधल्या सुटीत वडापाव खायचो, तो बहुतेक वेळा बाईंच्या पैशाचा असायचा. माझा वाटा आजच पाठवतो.

कार्यवाह यांचं उत्तर

काका, दादा, दोघांचंही पटलं. सभागृहाची चौकशी थांबवते आणि शाळेच्या मुख्याध्यापकांना परवानगीसाठी लिहिते. परीक्षा शुल्क आणि खाण्याचा ठराव पुढच्या बैठकीत मांडते. दाखल्यांचं काम मात्र परदेशातून होणार नाही. मुंबईत राहणाऱ्या सभासदांपैकी कुणाला आठवड्यातून एक संध्याकाळ बाईंशेजारी बसून ते शिकून घेता येईल, त्यांनी जानेवारीच्या आत कळवावं. बाई तोवर रोज शाळेत आहेत.