मदत हवी आहे: सेंट्रल सीरस (डोळ्याच्या पडद्याखाली पाणी साठण्याचा आजार), पाच महिने झाले तरी पाणी ओसरत नाही

उजवा डोळा, वय 41. मॅक्युलाखाली (पडद्याचा मधला भाग) पाणी. मधोमध करडा डाग, दाराची चौकट मध्येच आत दबल्यासारखी दिसते. चष्म्यासह नजर 6/12, डावा डोळा ठीक.

ओसीटीत (पडद्याच्या थरांचं स्कॅन) पाण्याची उंची आधी 310 मायक्रॉन, तिसऱ्या महिन्यात 180, आता पुन्हा 240. डोळ्याच्या अँजिओग्राफीत गळतीचा एकच ठिपका, पण फोव्हियाला (मॅक्युलाचा केंद्रबिंदू) अगदी लागून, त्यामुळे साधा लेझर बाद. नव्या रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून इंजेक्शनही नाही. मधुमेह, रक्तदाब नाही.

स्टेरॉइडच्या गोळ्या कधीच नव्हत्या. नाकातला स्टेरॉइड स्प्रे होता (या आजाराला तेवढंही निमित्त पुरू शकतं), तो बंद करून दहा आठवडे झाले. एप्लेरेनोन (मूत्रल गोळी) 50 मिग्रॅ तीन महिने, पोटॅशियम तपासत घेतलं, फरक शून्य. 2020 च्या व्हीआयसीआय चाचणीतही ते प्लासिबोपेक्षा सरस ठरलं नव्हतंच.

उरले दोन उपाय. अर्ध्या मात्रेची पीडीटी (शिरेतून औषध देऊन डोळ्यात प्रकाश टाकण्याचा उपचार), पण त्याचं औषध व्हर्टेपोर्फिन यायला सहा आठवडे. मायक्रोपल्स लेझर (तुटक, सौम्य मारा करणारा) लगेच होईल, मात्र 2018 च्या प्लेस चाचणीत तो पीडीटीपेक्षा कमी पडला होता.

ज्यांनी दोन्ही केलंय किंवा करतात त्यांना विचारतो: आधी मायक्रोपल्स करून पाणी राहिलं, तर पीडीटीआधी किती आठवडे थांबावं लागतं? की सरळ व्हर्टेपोर्फिनची वाट पाहावी?