ऑक्टोबरपासून बर्लिन, पहिल्या महिन्यात कशाकशाची काळजी घेऊ?

मी नागपूरचा, त्रिमूर्ती नगरात राहतो, मास्टर्सला चाललो. ब्लॉक अकाउंटचे (व्हिसासाठी वर्षभराचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं) 11,904 युरो भरून झाले पण खोली पक्की नाही, आई रोज विचारते अन् मले रात्री झोप येत नाही.

उत्तर: भाऊ, सगळ्यात आधी अनमेल्डुंग. राहायला गेल्यावर 14 दिवसांत पत्ता नोंदवा लागते, त्याले घरमालकाच्या सहीचा कागद पाहिजे, म्हणून खोली घेतानाच विचारजो की कागद देता का, नाही म्हटलं तर सरळ सोड. मी नव्हतं विचारलं, माझी बँकेपासून सगळी कामं अडकली होती.

उत्तर: रविवारी दुकानं बंद असतात बाप्पा, दूध-ब्रेड शनिवारीच आणजो.

उत्तर: डिसेंबरात चारच्या आत अंधार पडते रे, पहिल्या हिवाळ्यात मी खोलीत बसून रडायची. मग एक दिवस तर्री-पोहा केला अन् शेजारच्या खोलीतल्या मुलीला बोलावलं, तिच्या नाकाडोळ्यातून पाणी, तरी वाटी पुढं केली पुन्हा. तिच्याशी आजही रोज बोलणं होते. एकटा नको राहू.

प्रश्नकर्ता: ताई, आईनं तर्रीचा मसाला आत्ताच बॅगेत टाकला. घरमालकाले कागदाचं आजच विचारतो.