फुटबॉल: छोट्या संघांच्या खेळातून अकराच्या सामन्याची तयारी होते का?

प्रश्न (पालक, फोंडा): माझा मुलगा १० वर्षांचा असून त्याचे प्रशिक्षक सरावात केवळ चार-चार जणांचे सामने खेळवतात. पुढे पूर्ण मैदानावर उतरल्यावर तो बावरणार नाही ना?

उत्तर १ (प्रशिक्षक, डिचोली): काळजीचे कारण नाही. अकरा जणांच्या सामन्यात या वयाचा बचावपटू बराच वेळ नुसता उभा असतो. चार जणांत मात्र चेंडू सतत पायाशी येतो, आणि तो येण्यापूर्वीच मान वळवून मोकळा सहकारी हेरण्याची सवय लागते, जी पुढे मधल्या फळीत सर्वाधिक उपयोगी पडते. इंग्लंडमध्येही २०२५-२६ च्या हंगामापर्यंत ११ व १२ वर्षांखालील मुले ९ जणांच्या संघात खेळत. अकराचा संघ त्यानंतर.

उत्तर २ (माजी गोलरक्षक, पेडणे): मी अर्धाच सहमत आहे. ऑफसाइडची रेषा (जिच्यापुढे उभ्या प्रतिस्पर्ध्याला पास घेता येत नाही) सांभाळणे, बाजूने गोलसमोर येणारा उंच क्रॉस अडवणे, चाळीस मीटरचा पास जोखणे या गोष्टी लहान जागेत शिकता येत नाहीत, आणि गोलरक्षकाचे तर त्यात फारच नुकसान होते. आपल्याकडे भातकापणीनंतर शेते मोकळी होतात, तेव्हा मुलांना अधूनमधून ऐसपैस जागेत खेळू द्यावे.

उत्तर ३ (प्रशिक्षक, डिचोली): गोलरक्षकाचा मुद्दा मान्य. म्हणूनच चारावरून सात, मग नऊ असे टप्पे असावेत. थेट अकरावर उडी नको. आपल्या प्रशिक्षकांना पुढचा टप्पा कधी, एवढे अवश्य विचारा.