उत्तर: वर्गणी थांबवावी, ही विनंती

सप्रेम नमस्कार,
आम्ही चौघं सुखरूप आहोत, सध्या मोटेलमध्ये. लॉस एंजेलिसजवळ ७ जानेवारी २०२५ ला लागलेल्या ईटन आगीत नऊ हजारांवर बांधकामं गेली, त्यात आमचं घरही. पण विमा आहे, नोकरी आहे. आमच्या आल्टाडीना गावात भाड्याने राहणाऱ्या कितीतरी जणांकडे दोन्ही नाही. मंडळाने आमच्या नावाने काढलेली वर्गणी त्यांना द्यावी. कुणाकडून काही घ्यायची सवय नाही, फार अवघडल्यासारखं होतं. राग नसावा.

---

अरे, राग कसला!
तुझी मेल ह्यांना वाचून दाखवली तर म्हणाले, "घर जळलं, कोकणी ताठा तेवढा शाबूत आहे."

वणवे आमच्याकडेही लागतात. फेब्रुवारी-मार्चात सड्यावरचं वाळकं गवत पेटतं, काजू-आंब्याच्या बागा जातात. पण ओल्या फांद्यांनी झोडपून पुष्कळदा आवरतात. तुमच्या त्या कोरड्या, सोसाट्याच्या सांता आना वाऱ्यापुढे कोण काय झोडपणार? तेव्हा मी सांगते ते वादळाचं. आम्ही अमेरिकेतलं आवरून मुरूडला परत आलो आणि ३ जून २०२० ला 'निसर्ग' आलं. वाडीतल्या पोफळी मोडल्या, माड आडवे झाले, छपरावरची निम्मी कौलं उडाली. पाऊस तोंडावर. मी मात्र येईल त्याला "आमचं ठीक आहे, दुसऱ्यांचं बघा" म्हणतेय. शेजारीण ताडपत्री आणि दोन मुलगे घेऊन आली. मी म्हटलं, नको गं. ती म्हणाली, "माजघरात पाणी पडतंय ते आधी थांबवूया, मग नको म्हणा." मुलगे तोवर शिडी लावून वर चढलेही होते.

नको म्हटल्याने मदत थांबत नाही रे, लोक अंदाजाने पाठवत राहतात. आमच्याकडे टेम्पो भरभरून जुने कपडे आले. त्यात जरीच्या साड्या, एक चक्क लग्नातला कोट! हवं होतं काय, तर ताडपत्री, मेणबत्त्या, पत्र्याचे हुक आणि पडलेली झाडं कापायला कटर. कपड्यांचे गठ्ठे व्हरांड्यात भिजून कुजले, ते टाकायचं काम पुन्हा आमच्याच माथी. म्हणून नेमकं काय हवं ते सांग. सांगताना जीभ अडखळते, हे मान्य.

एक मीच सुचवते. विमेवाले सामानाची यादी मागतील. मंडळाच्या किती कोजागिऱ्या तुमच्या दिवाणखान्यात झाल्या! सगळ्यांच्या फोनमध्ये फोटो असतील. मंडळींनो, माणसांच्या मागे काय दिसतंय ते बघा : फडताळ, पेटी, टीव्ही, गालिचा. ज्याच्याकडे जे असेल ते त्याला पाठवा. यात पैशाचा प्रश्न नाही, तेव्हा तोही कुरकुरणार नाही.
– मुरूडहून, काकू

---

काकूंना अनुमोदन.
कॅलिफोर्नियात २०२५ च्या नियमाप्रमाणे घर पूर्ण गेलं असेल, तर घराच्या विमा रकमेच्या ३० टक्के, कमाल अडीच लाख डॉलर, सामानापोटी यादीविना मिळू शकतात. त्यावरचं हवं असेल तर चमच्या-वाटीपर्यंत यादी लागते. तेव्हा फोटो शोधाच.

वर्गणी देताना "घर बांधायला" असं लिहू नका. फेमा (आपत्तीत मदत देणारी अमेरिकी सरकारी संस्था) एकाच कामाला दोनदा पैसे देत नाही, त्यांच्या मदतीतून तेवढी वजावट होऊ शकते. आणि भाडेकरूंसाठी आपण वेगळी वर्गणी काढू. एकाची थांबवून दुसऱ्याची कशाला?
– खजिनदार

---

बरं. मग मागतोच.
राख चाळायला मोठ्या जाळीच्या दोन चाळण्या, एन-९५ मास्क, जाड हातमोजे. राखेत शिसं, अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून लहान मुलांना आणू नका. शनिवारी दोन धडधाकट माणसं पुरेत. मुलांना शाळेत सोडायला आठवडाभर कुणी गाडी देईल का? कपडे नकोत. मोटेलमध्ये शेगडी नाही, तरी हिला मिसळणाचा डबा हवाय. कारण विचारलं नाही.

काकू, तुम्ही इथे असतानाच्या गणपतीत स्वयंपाकघरातले फोटो तुम्हीच काढायचात. तेवढे आधी पाठवा. ओव्हन आणि मिक्सर कुठल्या कंपनीचे होते यावरून आमच्यात वाद चाललाय.