मदत हवी आहे: उद्या शिडाच्या बोटींच्या शर्यतीतल्या प्रोटेस्टची (नियमभंगाच्या तक्रारीची) सुनावणी, ओव्हरलॅप (बोटी काही अंशी शेजारी-शेजारी असणं) सिद्ध कसा करू?

खालच्या मार्कवर (वळायच्या बोयावर) मी आणि दुसरा बोटवाला दोघेही स्टारबोर्डवर (वारा उजव्या बाजूने घेत) होतो, मी आतल्या बाजूला, आणि झोनच्या म्हणजे मार्कभोवतीच्या तीन बोटलांबीच्या आधीच माझं टोक त्याच्या स्टर्नच्या (बोटीच्या मागच्या टोकाच्या) पुढे गेलं होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे मला मिळायला हवी ती जागा त्याने दिलीच नाही, त्याचा बूम (शिडाखालचा दांडा) माझ्या शिडाला घासला आणि मला मार्कच्या बाहेरून फिरावं लागलं. मी लगेच 'प्रोटेस्ट' ओरडलो, बोट 6 मीटरपेक्षा लहान असल्याने लाल झेंडा लागत नाही. त्याने दंडाच्या दोन गिरक्या घेतल्या नाहीत. अर्ज वेळेत दिलाय, आकृतीही काढलीय. नुकसान काही नाही, व्हिडिओ नाही.

तो म्हणतो ओव्हरलॅप झोनमध्ये शिरल्यावर झाला, वाऱ्याचा झोत आल्यामुळे. मी मागून आलो होतो, त्यामुळे वेळेत ओव्हरलॅप झाला का याची रास्त शंका उरली तर तो झालाच नाही असं धरतात, शर्यतीच्या नियम 18 मध्येच आहे, आणि मला हीच धास्ती आहे. साक्षीदार एकच, मागच्या बोटीवरचा, पण तो थोडा तिरक्या कोनात होता.

ज्यांनी सुनावण्या केल्यात किंवा समितीवर बसलेत त्यांनी सांगा, अशा साक्षीदाराला नेमके कोणते प्रश्न विचारले की शंका दूर होते?