जुन्या सीडी प्लेअरचे सुटे भाग बदलल्याने आवाज खरोखर सुधारतो का?

खारपाणपट्टा (प्रश्नकर्ता)

नमस्कार मंडळी. दर्यापूर तालुक्यातील आमच्या गावी माझ्याकडे १९९० च्या दशकातील एक जपानी बनावटीचा सीडी प्लेअर आहे. त्यावर मी शास्त्रीय गायन आणि खंजिरी भजने नियमित ऐकतो. अलीकडे आवाज पूर्वीसारखा मोकळा वाटत नाही, आणि संध्याकाळच्या वेळी मागे बारीक गुणगुणही जाणवते. नागपूरच्या एका तंत्रज्ञाने आउटपुटचा ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी चिप), क्लॉक (यंत्राचा ताल राखणारा क्रिस्टल) आणि सर्व कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) बदलून देण्याचे आठ हजार रुपये सांगितले आहेत. हा प्लेअर विकला तरी एवढी रक्कम हाती येणार नाही. अशा बदलांनी आवाजात खरोखर फरक पडतो, की पैसे खर्च झाल्यामुळे तसे वाटू लागते?

रोझिनचा_धूर, यवतमाळ

भाऊ, तंत्रज्ञाने तीन वेगळी कामे एकाच भावात बांधून सांगितली आहेत. त्यांचा विचार वेगवेगळा करावा.

कपॅसिटर बदलणे ही सुधारणा नसून दुरुस्ती आहे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधील द्रव कालांतराने सुकतो, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. आपल्याकडे नवतपात खोलीतच चाळिशीच्या आसपास पारा असतो, तर बंद पेटीतील ट्रान्सफॉर्मरशेजारी काय होत असेल, याची कल्पना करा. तीस वर्षांच्या यंत्रात हे भाग १०५ अंशांपर्यंत टिकणारे, चांगल्या प्रतीचे घालून घेतले, तर आवाज मूळ अवस्थेत परत येऊ शकतो. लोक त्यालाच ‘मॉडिफिकेशनची कमाल’ म्हणतात.

क्लॉकचा खर्च मात्र मी करणार नाही. क्रिस्टलची चूक दशलक्षात पन्नास भाग असली, तरी स्वरात होणारा फरक ०.००५ टक्के एवढाच असतो आणि तो कोणत्याही गवयाच्या कानाला कळणारा नाही. क्लॉक विकणारे बोलतात ते जिटरबद्दल, म्हणजे क्लॉकचे ठोके क्षणभर मागेपुढे पडण्याबद्दल. मात्र संगीतातील जिटर ऐकू येण्यासाठी तो किमान दहा-वीस नॅनोसेकंदांचा असावा लागतो, आणि धडधाकट प्लेअरमध्ये तो त्याहून पुष्कळच कमी असतो. शिवाय नवा क्लॉक लांब तारेने जोडला, तर मूळच्यापेक्षा वाईट परिणाम मिळण्याचीच शक्यता अधिक.

ऑप-अँपबाबत एवढेच सांगतो की एनई५५३२ ही चिप कित्येक स्टुडिओंच्या मिक्सरमध्ये ओळीने बसवलेली असे. गाणे सीडीवर येण्यापूर्वीच अशा डझनभर चिपांमधून गेलेले असते; शेवटची एक बदलून कोणता पडदा दूर होणार?

बुटीबोरी_ऑडिओ

मी हेच काम करतो, त्यामुळे माझे मत पक्षपाती आहे असे खुशाल धरावे. वरील उत्तराशी मी बराचसा सहमत असलो, तरी ऑप-अँपबाबत नाही. त्या काळातील स्वस्त प्लेअरमध्ये ४५५८ जातीची ऑप-अँप चिप, सिग्नलच्या मार्गात लहानसा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आणि आउटपुटवर म्यूटिंगचा (आवाज बंद करणारा) ट्रान्झिस्टर अशी रचना सर्रास आढळते. तेथे बदल केल्यास विकृती मोजता येईल इतकी घटते. ती ऐकू येते का, हा पुढचा प्रश्न. त्याचे ठाम उत्तर मी ग्राहकालाही देत नाही.

धोका दुसराच आहे. वेगवान चिप बसवताना तिच्या पुरवठ्याच्या पायांलगत ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दिला नाही, तर ती मेगाहर्ट्झमध्ये आंदोलित होऊ लागते. ते आंदोलन कानाला ऐकू येत नाही, पण चिप तापते आणि आवाजाला एक कडक धार येते. अनेक मालक त्या धारेलाच ‘बारकावे’ समजून समाधानी होतात. म्हणून काम करणाऱ्याकडे ऑसिलोस्कोप (सिग्नलची लहर पडद्यावर दाखवणारे उपकरण) आहे का, हे आधी विचारावे.

रोझिनचा_धूर, यवतमाळ

ऑसिलोस्कोपचा मुद्दा मान्य. पण प्रश्नकर्त्यांच्या संध्याकाळच्या गुणगुणीकडे आपण दोघांनीही दुर्लक्ष केले. पाच व्होल्टच्या ७८०५ रेग्युलेटरला (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या चिपला) आत साधारण सात व्होल्ट मिळावे लागतात. गावातील पुरवठा २३० वरून १७० वर आला, की ट्रान्सफॉर्मरचे व्होल्टेजही चतुर्थांशाने घटते, रेग्युलेटरचा ताबा सुटतो आणि १०० हर्ट्झची लहर पुढे जाऊ लागते. सुकलेल्या फिल्टर कपॅसिटरमुळे ती आणखी वाढते. भाऊ, गुणगुण सुरू असताना प्लगमध्ये व्होल्टेज मोजाल का?

खारपाणपट्टा

आज सायंकाळी मोजले, १७८ भरले. शेजाऱ्यांचा स्टॅबिलायझर लावल्यावर गुणगुण जवळजवळ गेली, पण आवाज अजूनही थोडा दबलेला वाटतो. कपॅसिटर तेवढे बदलून घेण्याचा विचार आहे. काम झाल्यावर फरक पडला की नाही, हे स्वतःची फसवणूक न करता कसे ठरवावे?

बुटीबोरी_ऑडिओ

प्लेअर देण्यापूर्वीच त्याचे आउटपुट संगणकावर रेकॉर्ड करून ठेवा आणि काम झाल्यावर तीच सीडी, त्याच साउंड कार्डावर, त्याच सेटिंगने पुन्हा रेकॉर्ड करा. मग ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्हींची पातळी जुळवा. अर्धा डेसिबल मोठा असलेला आवाज माणसाला ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो, म्हणून फरक ०.१ डेसिबलच्या आत हवा. प्लेअरच्या दोन व्होल्टच्या आउटपुटवर हा फरक सुमारे २३ मिलिव्होल्ट भरतो. नंतर घरातील कोणालातरी नाव न सांगता दोन्ही तुकडे उलटसुलट क्रमाने लावायला सांगा आणि प्रत्येक वेळी आपले उत्तर लिहून ठेवा.

२००७ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात अशाच एका चाचणीचा अहवाल आला होता. सुपर ऑडिओ सीडीसारख्या अधिक क्षमतेच्या स्रोताचा सिग्नल सीडीच्या १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या मापातून नेल्याचे श्रोत्यांना ओळखायचे होते. एकूण ५५४ प्रयत्नांपैकी २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणे उडवल्यासारखीच.

आणि हो, चाचणीच्या वेळी कुलर बंद ठेवा. त्याच्या घरघरीत तानपुऱ्याची आसच बुडून जाते, मग कपॅसिटरचा फरक कोठून ऐकू येणार? सर्वांत हळू ते सर्वांत मोठ्या आवाजापर्यंतची सीडीची सैद्धांतिक ९६ डेसिबलची व्याप्ती मे महिन्यातील आपल्या दुपारी कोणाच्याच उपयोगाची नसते, त्यामुळे हे काम पहाटे करावे.