बाळाच्या धमन्यांत कॅल्शियम – पोटात असतानाच कळतं का? अर्जंट

सेलूकर:
पहिलं बाळ गेलं. छातीच्या सीटीत महाधमनीची कडा खडूने आखल्यासारखी पांढरी दिसत होती. कार्डावर जीएसीआय लिहिलंय, म्हणजे तान्ह्या बाळाच्या धमन्यांत कॅल्शियम साचायचा आजार. आता मिसेसला परत दिवस गेलेत. इथले डॉक्टर म्हणायलेत, पाचव्या महिन्याची सोनोग्राफी बघू मग ठरवू. तोवर धीर धरवत नाही. आधी कळायची सोय कुठं आहे? माहिती असेल त्यांनीच लिहा.

गोदाकाठ:
कितवा आठवडा ते तर लिहा! आणि पहिल्या बाळाची जेनेटिक तपासणी झाली होती का?

अप्पा_बीडवाले:
आधी त्या सरकारी कॅल्शियमच्या गोळ्या बंद करा. आमच्या मेव्हणीला त्यानंच मुतखडा झाला.

लॅबवाली_ताई:
अप्पा, कृपा करा. हा आजार आईने कॅल्शियम खाल्ल्याने होत नाही. शरीरात पायरोफॉस्फेट नावाचा पदार्थ कॅल्शियमला साचू देत नाही, तो इथे कमी पडतो. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.
सेलूकर दादा, नात्यात लग्न आहे का?

सेलूकर:
तेरावा चालू आहे. जेनेटिकचं तेव्हा कुणी बोललंच नाही. लग्न मामाच्या मुलीशी. त्याचा इथं काय संबंध?

मराठवाडी_माणूस:
काही संबंध नाही! आमच्याकडं चार पिढ्या मामाच्याच पोरी आणल्या, सगळे ठणठणीत.

लॅबवाली_ताई:
ठणठणीतच असणार, वाहकांना (म्हणजे बिघडलेल्या जनुकाची एकच प्रत असणाऱ्यांना) हा आजार सहसा होत नाही. दोघेही त्याच जनुकाचे वाहक असले की प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची ४ मध्ये १ शक्यता. नात्यात लग्न असेल तर दोघांकडे तोच बिघाड असण्याचा संभव वाढतो. दोष कुणाचाच नाही.
दादा, सोनोग्राफीच्या भरवशावर राहू नका. कॅल्शियम बहुतेक वेळा उशिरा, शेवटच्या महिन्यांत दिसतं. पाचव्या महिन्याचा रिपोर्ट चांगला आला म्हणजे सुटलो असं नाही. खात्री जनुकाच्या तपासणीतूनच. पण आधी बिघाड नेमका कोणता ते कळायला हवं: बहुतेकांत ईएनपीपी-१ जनुकात, काहींत एबीसीसी-६ मध्ये. बाळाचं रक्त कुठे ठेवलेलं असेल तर उत्तम, नाहीतर तुम्हा दोघांचं पाठवा. आजच, कारण रिपोर्टला आठवडे लागतात. पोटातल्या बाळाच्या तपासणीसाठी वारेचा तुकडा ११ ते १३ आठवड्यांत घेतात, ती वेळ निघून चालली. त्यामुळे गर्भजल तपासणी, साधारण सोळाव्या आठवड्यापासून.

नांदेडचा_नाना:
सरळ देवगिरी एक्सप्रेस पकडा, हैदराबादला निम्स हॉस्पिटलमध्ये मेडिकल जेनेटिक्स विभाग आहे. सीडीएफडी ही डीएनए तपासणीची सरकारी संस्थाही तिथंच.

दादरकर_मूळ_लातूर:
हैदराबाद कामून? मुंबईला केईएम आहे की. तिथं निदान मराठी बोलतात.

नांदेडचा_नाना:
सेलू-परभणीहून मुंबई जवळ का हैदराबाद, नकाशा बघा. दोन्ही ठिकाणं केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात आहेत, भांडण कशाला.

अप्पा_बीडवाले:
पण गर्भजल तपासणीला कायद्यानं बंदी आहे ना? पोलीस केस व्हायची.

गोदाकाठ:
बंदी लिंग सांगण्यावर आहे, अप्पा. कुटुंबात आनुवंशिक आजार असेल तर नोंदणीकृत केंद्रात ही तपासणी कायदेशीर आहे. वहिनींची लेखी संमती त्यांना समजेल त्या भाषेत घेतात आणि तिची प्रत त्यांना देतात. ती मागून घ्या.

विजय_जालना:
माझ्या वडिलांचा कॅल्शियम स्कोअर ४०० आलाय. अँजिओ करावी का?

लॅबवाली_ताई:
विजय, वेगळा धागा काढा.

सेलूकर:
आणि रिपोर्ट खराब आला तर?

लॅबवाली_ताई:
गर्भपात कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर बाळात गंभीर व्यंग असेल तर २४ आठवड्यांनंतरही गर्भपाताच्या परवानगीसाठी मेडिकल बोर्डाकडे जाता येतं. पण तोच बिघाड असून एकाच घरात एक बाळ जातं, दुसरं तगतं, असंही होतं. पुढे त्याला मुडदूस होऊ शकतो. काहींना जन्मानंतर, कॅल्शियम साचणं कमी व्हावं म्हणून, बिस्फॉस्फोनेट औषधं देतात. ठरवायचं तुम्ही दोघांनी, समुपदेशकासमोर बसून. सासू-सासऱ्यांना नंतर सांगा.

सेलूकर:
सीटीची सीडी सापडली. रक्त उद्या देतो. नाना, निम्सला रेफर चिठ्ठी लागते का?

नांदेडचा_नाना:
चिठ्ठी घेऊनच जा, आणि बाळाचं कार्ड ओरिजिनल.